बुटाखालचं बटण

अर्जेंटिनातल्या रोसारियो शहरात आपल्याइतका गोड आवाज कुणाचा नाही, असं एवारिस्तो बोनफान्ती स्वतःच सांगत असे. दुसरं कुणी सांगायला तयार नव्हतं. सकाळी तो घसा साफ करू लागला की त्याची बायको नेलिदा रेडिओ मोठा करायची.

दोघं गावोगाव खेळांचा कार्यक्रम करत. त्यातले खेळ बनवायची नेलिदा. प्लायवूड, सायकलच्या चेन आणि भंगारातल्या वॉशिंग मशीनच्या मोटारी जोडून तिने अख्खी नदी मंचावर आणली होती. त्या नदीतली होडी प्रेक्षकांच्या आवाजावर चाले. डावीकडचे ओरडले की डावीकडे वळे, उजवीकडचे ओरडले की उजवीकडे. दोन्ही बाजूंनी एकमेकांचं भान ठेवलं, तरच ती खडकांतून निसटून धक्क्याला लागे.

एवारिस्तोचं काम माईक धरायचं. त्याच्या बुटाखाली एक बटण असे. लोक जिंकत आले की तो ते दाबी, होडी खडकावर आदळे, आणि मग हा कुणालातरी मंचावर बोलावून त्याची टिंगल करी.

"जिंकू दे की त्यांना. तुझं काय जातं?" नेलिदाने एकदा विचारलं.

"जिंकलेली माणसं स्वतःसाठीच टाळ्या वाजवतात. तुला रंगभूमीतलं काय कळतं? तू आपले स्क्रू पिळ."

पुढे नदीकाठच्या एका गावात, कोळ्यांच्या क्लबात कार्यक्रम होता. होडी बुडाल्यावर त्याने पहिल्या रांगेतल्या बाल्बिना नावाच्या म्हातारीला वर घेतलं.

"काय आजीबाई, नवऱ्यालाही असंच बुडवलंत का?"

मागून कुणीतरी म्हणालं, "तो खरंच नदीत गेला, साहेब."

"मग अनुभव आहेच की," एवारिस्तो म्हणाला आणि एकटाच हसला.

मध्यंतरात नेलिदाने बटणाची तार कापून टाकली.

उत्तरार्धात बाल्बिना आपणहून उभी राहिली. हातांनी खुणा करत तिने एका बाजूला गप्प केलं, दुसरीला ओरडायला लावलं. एवारिस्तो झुरळ चिरडावं तसा पाय आपटत होता. होडी शांतपणे धक्क्याला लागली. लोक पुन्हा खेळूया म्हणाले.

"असल्या गावंढळांपुढे मी उभा राहत नाही," असं म्हणून तो व्हॅनमध्ये जाऊन बसला आणि हॉर्न वाजवत राहिला. बघायला कुणी गेलं नाही. आत लोक खेळत होते, म्हातारीला कुणी माते हा तिकडचा कडू चहा आणून दिला होता.

नेलिदा त्या व्हॅनमधून परत गेली नाही. एवारिस्तो भावाकडे कोर्दोबाला गेला. तिथल्या एका बाजारात तो हल्ली साबण आणि बटाट्यांचे भाव पुकारतो. भेटेल त्याला सांगतो, बायकोने कारस्थान केलं, नाहीतर मी कुठल्या कुठे पोचलो असतो. पोचला असता कुठे, ते मात्र त्यालाही सांगता येत नाही.

नेलिदा होडी घेऊन गावोगावच्या क्लबांत जाते. सूत्रधार ठेवत नाही. परवा सांता फे शहरात होडी खडकावर अडली आणि डाव्या-उजव्या बाजू एकमेकांशी भांडू लागल्या. तिने त्यांना भांडू दिलं; होडी सोडवायची होती ती त्यांनीच.