माळ्याची किल्ली

बर्वे काकांचं घर नापास झाल्याची बातमी मला मंगळवारी सकाळी सिंगापूरच्या पाया लेबार भागातल्या ऑफिसात मिळाली. कॉफी अजून गरम होती. इंग्लंडहून आलेल्या रिपोर्टच्या पहिल्याच पानावर लाल-नारिंगी पट्ट्यात एक अक्षर होतं: एफ.

आमची फर्म छोटी आहे. सिंगापूरमध्ये राहणाऱ्या लोकांची इंग्लंडमध्ये घरं असतात, ती आम्ही इथे बसून सांभाळतो. भाडेकरू, दुरुस्त्या, करार आणि कागद. यातले कागद माझे. इंग्लंडमध्ये घर विकायचं किंवा भाड्याने द्यायचं तर ईपीसी नावाचं सर्टिफिकेट लागतं. घर उबदार ठेवायला किती ऊर्जा खर्च होते हे एक असेसर येऊन तपासतो आणि ए पासून जी पर्यंत ग्रेड देतो. घराचं प्रगतिपुस्तकच म्हणा. ते दहा वर्षं चालतं. भाड्याने द्यायचं असेल तर किमान ई लागते. एफ आली की नवा करार होत नाही. सवलत मागायच्या वाटा आहेत, पण त्या लांबच्या आहेत आणि आमच्याकडे महिनाअखेरपर्यंतचाच वेळ होता.

महिनाअखेरचं कारण होतं डोरीन. बर्वे काका-काकू लग्नानंतर आठ वर्षं लेस्टरला होते. तिथे त्यांनी लाल विटांचं एक जुनं घर घेतलं, वर दोन खोल्या, खाली दोन. मग काकांना सिंगापूरची नोकरी आली. दोन वर्षांसाठी म्हणून आले आणि तीस वर्षं राहिले. आता पासिर रिसच्या फ्लॅटमध्ये असतात. लेस्टरच्या घरात पहिल्या दिवसापासून डोरीन राहते. शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी करायची, आता ऐंशीला टेकली आहे. गुडघे गेले, एकटीने राहणं जमेना, म्हणून तिची मुलगी लिंडा आणि बारा वर्षांची नात तिच्याकडे राहायला येणार होत्या. म्हणून डोरीन आणि लिंडा दोघींच्या नावाने नवा करार, आणि त्यासाठी नवं सर्टिफिकेट, कारण जुन्याची मुदत संपली होती. लिंडाने स्वतःचं भाड्याचं घर सोडायची नोटीस देऊनही टाकली होती.

माझे बॉस मिस्टर कोह यांनी रिपोर्ट उभ्याउभ्याच वाचला. "फिक्स इट ऑर सेल इट. ओनरला विचार. सिंपल, ला," असं शेवटी सिंगापुरी 'ला' जोडून म्हणाले आणि निघून गेले. त्यांना सगळंच सिंपल वाटतं, कारण ओनरशी बोलायला मी असते.

माझ्या स्वभावात एक खोड आहे. नापास म्हटलं की मला पेपर पुन्हा तपासून घ्यावासा वाटतो. मी दहा वर्षांपूर्वीचं सर्टिफिकेट काढलं आणि दोन्ही शेजारी ठेवून ओळीओळीने वाचलं. भिंती त्याच, खिडक्या त्याच, विजेचे हीटरही तेच. फरक एकाच ओळीत होता. छताखालच्या माळ्यावर इन्सुलेशन, म्हणजे ऊब बाहेर जाऊ नये म्हणून अंथरलेला लोकरीसारखा जाड थर, जुन्या रिपोर्टमध्ये दोनशे मिलीमीटर होता. नव्या रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की माळ्यावर जाता आलं नाही, सबब इन्सुलेशन नाही असं धरलं. असेसरचा नियमच तसा आहे. डोळ्यांनी दिसेल आणि कागदावर असेल तेवढंच खरं. मला तो नियम पटतो, एरवी.

असेसरला फोन केला. गृहस्थ सभ्य होता. म्हणाला, माळ्याच्या झडपेला तळहाताएवढं पितळी कुलूप आहे, भाडेकरूबाई म्हणाल्या की किल्ली मालकांकडे असते, आणि कुलूप तोडायचा मला अधिकार नाही. माळा बघायला मिळाला तर मी पुन्हा येऊन आकडे दुरुस्त करीन. पास व्हायला तीन गुण कमी होते. दोनशे मिलीमीटरमध्ये ते सहज निघाले असते.

मी बर्वे काकांना फोन लावला आणि कुलूप कोणी लावलं असेल याची काही कल्पना आहे का, असं विचारलं.

"कल्पना कसली? मीच लावलंय," काका म्हणाले. "घर भाड्याने देताना आपलं सामान आपण कुलपात ठेवतो की नाही? किल्ली इथे देवघरात आहे. तू ये संध्याकाळी, चहाला."

आमचे चिनी क्लायंट ईमेलला उत्तर देतात. इंग्रज क्लायंट ईमेलला ईमेल जोडतात. मराठी क्लायंट चहाला बोलावतात. संध्याकाळी एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, पकडून पासिर रिसला गेले.

देवघर म्हणजे हॉलमधलं भिंतीवरचं छोटं लाकडी कपाट. बाळकृष्णाशेजारी खरोखरच एक लांबट पितळी किल्ली होती, देवांइतकीच चकचकीत. काका रोज पूजेला बसले की तिलाही पुसत. कुलूप पुण्याहून नेलेलं, अलिगढी. सिंगापूरला निघताना दोघांनी मिळून सगळा संसार माळ्यावर चढवला होता. ट्रंका, पितळी डबे, पुरणयंत्र, आणि काकूंच्या आईने शिवलेल्या सहा गोधड्या. दोन वर्षांनी परत येऊन उतरवायचा होता.

"आणि ते इन्सुलेशन?" मी विचारलं.

"ते मी अंथरलं," काका म्हणाले. "लग्न होऊन ही पहिल्यांदा आली तेव्हा कोल्हापूरची पोर, रात्रभर दात वाजायचे. मी माळ्यावर पोटावर सरपटत एकेक गुंडाळी उलगडली. ही खालून वर देत होती."

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. 

काका रंगात आले. दहा वर्षांपूर्वी ते एकटेच लेस्टरला गेले होते, तेव्हा जुन्या असेसरसाठी त्यांनीच कुलूप उघडलं होतं. वीस वर्षांनी उघडला माळा, पण गोधड्यांना वास नाही, कसर नाही, जशा ठेवल्या तशा. "याला म्हणतात कुलूप," ते म्हणाले. "बाहेरची हवासुद्धा लागली नाही."

मी मुद्द्यावर आले. किल्ली कुरिअर करू या, म्हटलं. नाही. तीस वर्षांत घराबाहेर न गेलेली किल्ली अनोळखी माणसाच्या पिशवीत द्यायची नाही. मग डुप्लिकेट करू या. तेही झालं होतं. मार्केटजवळच्या किल्लीवाल्याने ती उलटसुलट बघून असलं ब्लँक, म्हणजे कोरी किल्ली, येत नाही म्हणून परत दिली होती. मग कुलूप तोडू या, लिंडा एखादा माणूस बोलावील, नवं कुलूप मी लावून देते. 

"ते कुलूप आम्ही दोघांनी लावलंय, शुभदा," काका म्हणाले. "परक्याच्या हातोडीने निघायचं नाही. मीच जाईन."

जाणार कसे? बायपासला चार महिने झाले होते आणि डॉक्टरांनी लांबच्या विमानप्रवासाला साफ नाही म्हटलं होतं. मुलगा रोहित तेवढ्यात बँकेतून आला. मला नमस्कार करून त्याने बूट काढता काढताच निकाल दिला. "पा, जस्ट सेल इट, ला. कोण परत जाणार आहे तिथे?"

 घर विकलं तर डोरीनला जावं लागेल हे काकांना कळत होतं. दर नाताळात ती त्यांना पुडिंग पाठवते, काका ते काकूंच्या चोरून खातात. पण हट्ट म्हणजे हट्ट. परतताना मला त्यांचा राग आला होता आणि वाईटही वाटत होतं. एका कुलपापायी एक म्हातारी बाई बेघर होणार आणि ज्या माणसाला तिची सगळ्यात जास्त काळजी, तोच किल्ली धरून बसलेला. मी हात टेकले. बुधवारी मिस्टर कोहना सांगितलं की मालक ऐकत नाहीत. त्यांनी विक्रीची फाइल उघडायला सांगितली.

गुरुवारी दुपारी काकूंचा फोन आला. मागे ताटल्यांचा आवाज होता. त्या घराखालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, येऊन बोलत होत्या.

"अगं, त्या कुलपाला दोन किल्ल्या आहेत," काकू म्हणाल्या. "दुसरी डोरीनकडे आहे."

मी विचारलं, कधीपासून?

"निघालो त्या दिवसापासून. हे टॅक्सीत बॅगा ठेवत होते तेव्हा दिली. गोधड्या कोंडून ठेवल्या तर सडतात गं. दर उन्हाळ्यात बाहेर काढते ती, अंगणात दोरीवर घालते, संध्याकाळी पुन्हा वर. आता गुडघ्यांमुळे लिंडा चढते. मी तिला सांगून ठेवलंय, कुणाला म्हणजे कुणाला बोलायचं नाही. यांना वाईट वाटेल."

डोरीनने असेसरला खोटं सांगितलं नव्हतं. किल्ली मालकांकडे असते, हे खरंच होतं. दुसरीबद्दल त्याने विचारलं नव्हतं. घर जायची वेळ आली तरी बाईने ताकास तूर लागू दिली नव्हती. तीस वर्षांपूर्वीचा शब्द तिने असा पाळला. मी असते तर पहिल्या फटक्याला बोलून मोकळी झाले असते.

पण मला कागद हवा. मालकाच्या परवानगीशिवाय माळा उघडायचा नाही, आणि मालक तर नाही म्हणालेले. मी फाइल काढली. घराच्या खरेदीखतावर दोन नावं होती, काकांचं आणि काकूंचं. काकूंना म्हटलं, तुमची लेखी परवानगी चालेल. ईमेल त्यांना येत नाही. त्यांनी वहीचं रेघी पान फाडून त्यावर लिहिलं की लेस्टर येथील माळा उघडण्यास माझी हरकत नाही, खाली सही केली, फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. खाली आणखी एक ओळ होती. गोधड्या जमिनीवर ठेवू नयेत. मी इंग्रजी भाषांतर जोडलं आणि ती ओळसुद्धा वगळली नाही.

सोमवारी असेसर पुन्हा गेला. लिंडाने कुलूप उघडलं. दोनशे मिलीमीटर, सगळीकडे सारखं, फक्त ट्रंकांसाठी एका टोकाला फळ्या. त्याने मोजपट्टी लावून फोटो काढले. नवा रिपोर्ट मंगळवारी आला. ई. काठावर, पण ई. लिंडाचा करार त्याच आठवड्यात झाला.

काका स्क्रीनवर काही वाचत नाहीत. रिपोर्ट छापून मी पासिर रिसला घेऊन गेले. जाताना धाकधूक होती, कारण रिपोर्टमध्ये फोटो असतात आणि माझ्या खात्यात फोटो फाडून टाकायची पद्धत नाही. काकूंना तसं आधी सांगितलं होतं. बघू, म्हणाल्या होत्या.

काकांनी चष्मा लावला. ई बघून मान हलवली. मग माळ्याच्या फोटोवर आले आणि थांबले. मोजपट्टीच्या मागे फळ्यांवर गोधड्या दिसत होत्या. सहाच्या सहा, गुंडाळून, प्रत्येकीला जांभळी फीत बांधलेली.

"मी चौघडी घालून ठेवल्या होत्या," काका म्हणाले. "दहा वर्षांपूर्वीही चौघडीच होती."

"तुम्ही येणार म्हणून तेव्हा तिने मुद्दाम तशी घातली होती," काकू म्हणाल्या. त्या आज दारात नव्हत्या, काकांच्या शेजारी बसल्या होत्या. "गोधड्यांना ऊन लागतं. कुलपाला कळत नाही ते. तिच्याकडे दुसरी किल्ली आहे, पहिल्यापासून."

काकांनी फोटो पुन्हा डोळ्यांजवळ नेला. मी चहाच्या कपात बघत होते. वाटलं, आता तीस वर्षांचं भांडण एका बैठकीत होणार आणि मी साक्षीदार. काका उठले. देवघराशी गेले, किल्ली उचलली, सवयीने धोतराच्या टोकाला पुसली आणि माझ्यासमोर ठेवली.

"ही डोरीनला पाठव," म्हणाले. "तिच्याकडे एकच आहे. हरवली तर ऊन कोण दाखवणार?"

मी कुरिअरने पाठवू का, म्हणून विचारलं. पाठव, म्हणाले, पण चांगल्या कुरिअरने.

किल्ली चौथ्या दिवशी पोचली. डोरीनने ती हातात धरून फोटो पाठवला. तो छापून काकांनी देवघरात ठेवलाय, किल्लीच्याच जागी. रोज पुसतात की नाही ते मी विचारलेलं नाही.

ऑफिसात मी एक सुधारणा केली. असेसर जाण्याआधी मालकांना जो फॉर्म भरावा लागतो, त्यात दोन प्रश्न वाढवले. घरात कुठे कुलूप आहे का, आणि किल्ली कोणाकडे आहे. मिस्टर कोहना ते आवडलं. तिसरा प्रश्न, दुसरी किल्ली कोणाकडे आहे, मी छापलेला नाही, पण क्लायंट मराठी असला तर फोनवर हमखास विचारते. उत्तर तुमच्याकडून नको, म्हणते, जरा काकूंना फोन द्या.