त्राटिकेचं इंग्रजी

इंग्रजी साहेबानं आणली, असं शाळेच्या पुस्तकात असेल. आमच्या गावात ती माझ्या जावयाच्या आत्यानं आणली, आणि तीही बाजाराच्या पिशवीतून. पिशवीत खडूचा डबा, डस्टर आणि हजेरीचं पुस्तक. राहात्याकडच्या एका शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलेल्या ह्या बाई चार दिवस पाहुण्या म्हणून आल्या, त्याला दोन वर्षं झाली. डस्टर हाताला असं चिकटलेलं की चहाच्या टपरीवरचं बाकडंही आधी त्यानंच पुसायच्या आणि मागून पांढऱ्या होऊन उठायच्या. एसटीच्या कंडक्टरला "पूर्ण वाक्यात उत्तर द्या" म्हणणारी दुसरी बाई मी पाहिली नाही. आणि तो बापडाही "ही गाडी पारनेरला जात नाही, बाई" असं सरळ उभा राहून सांगायचा.

मारुतीच्या देवळात दुपारी त्यांचा वर्ग भरे. आम्ही सहा जणी. नातवंडं इंग्रजी शाळेत जातात आणि आपल्यासमोर आपल्याचबद्दल इंग्रजीत बोलतात, हे आमचं सहा जणींचं एकच दुःख. आत्याबाईंचं म्हणणं, भाषा डोक्यानं येत नाही, पायानं येते. त्यामुळे भाज्यांची नावं वाफ्यात उभं राहून, आणि 'वर-खाली' शिकायला विहिरीच्या पायऱ्या. माझ्या गुडघ्यांना इंग्रजी माझ्याआधी समजलं.

चैत्रात जत्रा आली आणि बाईंच्या अंगात आलं. पूर्वी करत असू आणि आता करत नाही, अशा गोष्टींना इंग्रजीत 'यूज्ड टू' लावतात म्हणे. "हे वर्गात कसं शिकवणार, विहीणबाई? हे जत्रेत शिकायचं!" त्यांनी आम्हाला भर पेठेतून रांगेत चालवलं. पाळण्यापाशी थांबा, वाक्य बोला. रेवड्यांच्या दुकानापाशी थांबा, वाक्य बोला. लोक जत्रा सोडून आमच्यामागं यायला लागले. माझी पाळी आली की मी ठेवणीतलं वाक्य काढायची, "आय यूज्ड टू ईट जिलेबी."

"जिलेबी सगळं गाव खात होतं," आत्याबाई म्हणाल्या. "तुम्ही काय करत होता?"

मी काय करत होते ते सांगण्यासारखं नव्हतं, आणि त्याच दिवशी ते न सांगण्यासारखंही राहिलं नव्हतं. आमच्या जत्रेत सोंगं निघतात. प्रत्येक मुखवट्याचा मान एकेका घराचा. आमच्या घराकडं त्राटिका, म्हणजे रामायणातली राक्षशीण. सोंग घ्यायचं ते बाप्यानं. यजमान गेले, मुलगा पुण्याला नोकरीत रमला, आणि मुखवटा दोन जत्रा आढ्याला टांगलेला राहिला. तिसऱ्या जत्रेलाही निघाला नाही, तर मान दुसऱ्या घरी जातो, आणि ही तिसरी. जत्रेचं सगळं बघणारे नाना सकाळीच सांगून गेले होते, "वहिनी, दिवस कलायच्या आत मुखवटा देवळात पोचवा. माजा विलाज न्हाई."

आता खरं सांगते. लग्नानंतरच्या दुसऱ्या जत्रेला यजमानांना सडकून हिवताप. तेव्हाची मी म्हणजे एकोणीस वर्षांचं ध्यान. अक्कल कमी आणि अंगात घुंगरू जास्त. मुखवटा चढवला आणि निघाले. दुसऱ्या दिवशी गावभर एकच बोलणं: यंदा गड्याची चाल काय जमली! अगदी बाई वाटतो! पुढच्या वर्षी ताप नव्हता, पण आता माझ्यासारखं चालणार कोण? नऊ जत्रा मीच नाचले, पोटात लेक आली तेव्हा थांबले. नारळ आणि फेटा त्यांना, सुजलेले घोटे मला. मी अशी शहाणी की त्या रागानं जत्रेनंतर दोन दिवस भाजीत मीठ घालत नसे. आणि ते बिचारे मिटक्या मारत खात.

त्यांच्या माघारी त्यांचं हसं नको, म्हणून जीभ चावून बसले होते. पण देवळाच्या कट्ट्याशी आत्याबाई डस्टर रोखून उभ्या, मागं नाना, समोर बाकीची सोंगं सजायला लागलेली. मराठीत जे इतकी वर्षं निघालं नाही, ते इंग्रजीत सुटलं. परक्या भाषेत लाज जरा कमी वाटते, मुखवट्याआड वाटते तशीच.

"आय यूज्ड टू डान्स त्राटिका."

"काय म्हनल्या?" नानांनी विचारलं.

गावातल्या बोर्डाबोर्डाचा अर्थ लोकांना अडवून सांगणाऱ्या आत्याबाई त्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "वाक्य बरोबर आहे." पुढचं माझं मलाच सांगावं लागलं.

नाना मटकन कट्ट्यावर बसले. "म्हंजी त्या तुमी हुत्या? आन् आमी दादाला म्हनायचो, तुज्या कमरंत लई गुन हाय! त्यो नुसता हसायचा वो!" मग डोकं खाजवत म्हणाले, "मान घराचा हाय. घरातलं मानूस नाचलं, म्हंजी झालं. पर गुडघं हायेत का?"

"इंग्रजी शिकलेले आहेत," मी म्हटलं.

दिवस कलताना मी मुखवटा चढवला. आत्याबाई पिशवी सांभाळत शेजारून चालत होत्या. मुखवट्याची भोकं बारीक, खालचं काही दिसत नाही. वडाच्या वळणावर मी थबकले. चैत्राच्या उकाड्यात घोंगडी पांघरून, ओळख लपवत, यजमान इथं माझ्या कानाशी यायचे: "हळू, डाव्या अंगाला खड्डा हाय." नऊ वर्षं, दर जत्रेला; पहिल्या वर्षी तर अंगात ताप घेऊन.

खड्डा कधीच बुजला. रस्ता सिमेंटचा झालाय. हलगी पुढं गेली, तरी माझा पाय उचलेना.

"काय झालं, विहीणबाई?"

"काही नाही," मी आतून म्हटलं, "सवय."

आत्याबाईंनी पूर्ण वाक्य मागितलं नाही. नुसता माझा हात धरला.