पाकिटांवर लिहिलेला ऑक्टोबर

बाबांना लकवा मारला तो ऑक्टोबरात. नेमकं त्याच आठवड्यात मला ग्वाल्हेरात मुरारपलीकडच्या तळ्यावर पक्षी धरायची जाळी लावायची होती. माझी पीएचडी वटवट्यावर होती. मुठीत मावणारा हा तपकिरी पक्षी उन्हाळा उत्तरेकडच्या थंड मुलुखात काढतो आणि हिवाळ्याला आपल्याकडे येतो. पीस वाढत असताना तो जिथलं खातो-पितो, तिथल्या पाण्यातल्या हलक्या-जड हायड्रोजनचं प्रमाण पिसात उतरतं आणि मग बदलत नाही; हे प्रमाण मुलुखागणिक वेगळं असतं. त्यामुळे पीस तपासलं की पक्षी साधारण कुठला ते कळतं. फक्त तो आल्या आल्या पीस घ्यावं लागतं, कारण थंडीत इथं तो जुनी पिसं टाकतो आणि त्याला नवी येतात.

माझ्या गाईड मॅडम तेव्हा परदेशात होत्या. फोनवर विचारायच्या, "काम चालू आहे ना?" दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून मी म्हणायचे, "हो, चालू आहे."

तळ्यावर गेले ती फेब्रुवारीत. प्रत्येक पक्ष्याच्या शेपटीतलं एक पीस काढायचं, पाकिटात घालायचं आणि पक्ष्याला सोडून द्यायचं. आपण जुनी दिसणारी पिसं घेतोय, अशी मी स्वतःची समजूत घातली. मग गोरखीजवळच्या आमच्या घरी बसून सगळ्या पाकिटांवर ऑक्टोबरच्या तारखा लिहिल्या.

पाकिटं तपासायला प्रयोगशाळेत पाठवली आणि उन्हाळ्यात निकाल आले. मॅडम तोवर परतल्या होत्या. कागद पाहून त्या चक्रावल्या.

"अगं, ही पिसं तर इथलं पाणी दाखवतायत! हे पक्षी काय ग्वाल्हेरात जन्मले?"

त्यांनी माझ्यासमोरच प्रयोगशाळेला फोन लावला. मशीन चालवणाऱ्या बाई म्हणाल्या, "मैडम, मैंने दो बार चलाया है."

"तीसरी बार चलाइए. गड़बड़ आपके यहाँ हुई है."

तिसऱ्यांदाही तेच आलं. मग मॅडमनी त्या बाईंच्या वरिष्ठांना तक्रारीचं पत्र लिहिलं आणि वाचायला माझ्या हातात दिलं. 'निष्काळजीपणा' हा शब्द त्यात दोनदा होता. मी पत्र परत त्यांच्यासमोर ठेवलं.

"मॅडम, हे नका पाठवू. ती पिसं फेब्रुवारीतली आहेत."

"मतलब?"

मी सगळं सांगितलं. त्या ओरडतील असं वाटलं होतं. पण त्या एवढंच म्हणाल्या, "वडिलांचं सांगितलं असतंस तर मी कुणालातरी पाठवलं असतं. कुणी नसतं मिळालं, तर स्वतः आले असते."

मग त्यांनी प्रयोगशाळेचा नंबर लावून फोन माझ्या हातात दिला. मी माफी मागितली. पलीकडून बाई म्हणाल्या, "अच्छा. मतलब मशीन ठीक थी. मैं तो छुट्टी के दिन भी आकर उसे खोलकर देख रही थी." त्या रागावल्या नाहीत, म्हणून मला जास्तच लाज वाटली.

ते सगळे नमुने बाद झाले. वर्ष गेलं. पुढच्या मोसमात मॅडम स्वतः माझ्याबरोबर तळ्यावर आल्या. आमचं बोलणं कामापुरतंच होतं.

बाबा आता काठी धरून अंगणापर्यंत येतात. "परत तेच काम का करतेयस?" असं त्यांनी एकदा अडखळत विचारलं. त्यांच्या आजारपणामुळे माझं वर्ष गेलं, असं त्यांच्या मनात येऊ नये म्हणून मी म्हणाले, "त्या वर्षी पक्षीच कमी आले, बाबा."

"होतं असं कधी," ते म्हणाले. त्यांना अजून तेच खरं वाटतं.