दुरून दाखवलेला घास

गॅलरीतल्या जास्वंदीवर बुलबुलाचं घरटं आहे. आज सकाळी पिल्लाची आई चोचीत किडा धरून समोरच्या तारेवर बसली आणि घरट्याकडे येईचना. पिल्लू काठावर थरथरत चोच वासून ओरडत होतं.

“काय निष्ठुर आई आहे!” मी म्हणालो.

“निष्ठुर कसली? पिल्लू उडायला आलं की पक्षी घास दुरून दाखवतात,” बायको पलंगावरून म्हणाली. तिने जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन महिना झालाय. डॉक्टर चालायला सांगतात, आणि मी मात्र रोज चहा तिच्या हातात नेऊन देतो. त्यालाच मी माया समजत होतो. त्या मूठभर पाखराला माझ्याहून जास्त कळत होतं.

मी हातातला कप गॅलरीतल्या स्टुलावर नेऊन ठेवला.

“अहो, हे काय?”

“तूच शिकवलंस ना आत्ता?”

ती मनसोक्त चिडली. मग वॉकर ओढून उठली. एकेक पाऊल टाकत, दात-ओठ खात, थेट स्टुलापर्यंत आली. तोवर तारेवर दोन पक्षी दिसत होते.

चहाचा घोट घेऊन ती म्हणाली, “उद्या कप खाली फाटकापाशी ठेवा.”