दौलत भांडारची यादी

दुर्गजवळच्या सुपेल्याच्या मोठ्या रस्त्यावर त्या दिवसांत तीन मजली इमारत एकच होती. ती उभी राहिली तेव्हा तिच्या चारी बाजूंना धानाची शेतं होती. दुर्गच्या दौलतरावांनी ती छप्पन साली बांधली. लोक म्हणायचे, म्हातारा बेडकांना लुगडी विकणार. दौलतराव हसायचे. "लोखंडाचा कारखाना येऊन राहिला ना! हजारो माणसं येतील. ते काय लुगडं घ्याले नागपूरले जातील?"

तीन-चार वर्षं त्यांचंच खरं झालं. खाली कापड, मधल्या मजल्यावर भांडी नि स्टोव्ह, वर ट्रंका, खुर्च्या, रेडिओ. पगार झाला की माणसं ट्रकमध्ये भरभरून यायची. कारखान्यातल्या रशियन इंजिनियरांच्या बाया यायच्या आणि बोटांनी भाव करायच्या. बसचा कंडक्टर सुपेला म्हणतच नसे. "दौलत भांडारवाले उतरो!" एवढंच ओरडायचा.

अन्नपूर्णाबाई खाली बायकांच्या काउंटरला उभी राहायची. नवरा रेल्वेत पॉइंट्समन होता, दुर्गच्या यार्डात शंटिंगच्या वेळी गाडीखाली आला. पदरात आठ वर्षांची पद्मजा. दौलतरावांनी तिला मागच्या अंगणातली खोली दिली, हातात कापड मोजायचा पितळी गज दिला आणि एकच गोष्ट शिकवली. "बाई, दर गजामागं दोन बोटं जास्त सोडत जा. गिऱ्हाईक घरी जाऊन मोजते." ती दोन बोटं तिच्या हातात अशी मुरली की गज पुढे सरकवण्याआधी ती टेकली जायचीच. तिला ते कळायचंही नाही.

मग कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टरांमध्ये, बाजार निघाले. रस्ते, दिवे, दुकानं, सगळं घरापासून पाच मिनिटांवर. सुपेल्यापर्यंत कोण येणार? एकसष्टच्या दिवाळीनंतर दौलतरावांनी शटर ओढलं आणि उन्हाळ्यात ते गेले. नोकरमाणसं पांगली. अन्नपूर्णाबाई राखणीला राहिली. कंडक्टर मात्र अजून तेच नाव ओरडत होता.

पद्मजा तोवर आठवी झाली होती, पहिल्या नंबरानं. पुढं काय, हा प्रश्न अन्नपूर्णाबाईच्या छातीवर दगडासारखा बसला. प्लँटच्या, म्हणजे कारखान्याच्या, शाळेत आधी प्लँटवाल्यांची मुलं, हिचा बाप तर रेल्वेचा. दुर्गची शाळा होती, पण बस ट्रकांच्या रस्त्यानं जायची आणि परतायला दिवेलागण व्हायची. पद्मजा म्हणाली, "मी जाईन ना आई, कितीक पोरी जातात." अन्नपूर्णाबाई म्हणाली, "त्यांच्या घरी बाप आहेत. तुले काही झालं त मी कोनाले विचारू?" अशी वर्षभर पोर घरी बसली.

सिंधुताई मराठी मंडळाच्या टिनाच्या शेडमध्ये मराठी मुलींचे आठवीपर्यंतचे वर्ग चालवायच्या. त्या एकदा रिकाम्या भांडारात हिंडून गेल्या. खालच्या मजल्यावर टाळी वाजवून पाहिली. "अन्नपूर्णाबाई, एवढ्या भिंती मिळाल्या तर मॅट्रिकपर्यंत नेते. पहिली मुलगी तुमची."

त्या दिवसापासून अन्नपूर्णाबाईच्या लेखी इमारत म्हणजे शाळाच झाली. तिनं फरशा घासल्या, काचा पुसल्या, पावसाळ्यापूर्वी गच्चीच्या भेगा स्वतः बुजवल्या. कोणत्या खोलीत नववी बसेल, फळा कुठं टांगायचा, सगळं मनात ठरलं होतं. दौलतरावांचा मुलगा विद्याधर नागपूरला वकिली करत होता. तो आला तेव्हा तिनं हात जोडून सांगितलं.

"कल्पना चांगली आहे, काकू," विद्याधर म्हणाला. "शाळा झाली तर बाबांचं नाव राहील. तुम्ही एक करा. इमारतीची यादी करून ठेवा. दारं, खिडक्या, काचा, छताचे लोखंडी गर्डर. किती आहेत, किती लांब. कागद हाती असला की पुढचं बोलता येतं."

"गर्डर कावून, विद्याधरबाबू?"

"मंडळाचे कमिटीवाले विचारतात हो. इमारत पक्की आहे की नाही."

पंधरा दिवस मायलेकी यादी करत होत्या. छत गर्डर आणि फर्शीचं होतं, लोखंड खालून उघडं दिसायचं. अन्नपूर्णाबाई शिडीवर चढायची आणि पितळी गज लावायची. पद्मजा खाली वहीत लिहायची.

"आई, मी चढते ना. तुले चक्कर येते."

"तू खालीच बस. पाय घसरला त मले कोन हाय? लिही. सहा गज."

"हा बी सहा? सगळेच सहा?"

"सगळेच. दौलतरावांचं काम हाय ते, एकसारखं."

पद्मजाचं अक्षर मोत्यासारखं होतं. तिनं शेवटचं पान मोकळं ठेवून फक्त वरती लिहिलं, नववीची खोली, पूर्वेची खिडकी. अन्नपूर्णाबाईनं ते पान फाडायला लावलं. "हे नको. लोकं हसतील." यादी रजिस्टर टपालानं नागपूरला गेली.

महिन्याभरानं विद्याधर आला, सोबत भय्याजी. भय्याजी ठेकेदार, सगळ्या सेक्टरांत त्यांची कामं चाललेली. त्यांनी ना भिंतीकडे पाहिलं, ना काचेकडे. हातात पद्मजाची यादी, आणि नजर छताला. "चौबीस गर्डर. सही है. परमिट के लिए छह महीने से चक्कर काट रहा हूँ वकील साहब, यहाँ तो पका-पकाया मिल गया."

चार मैलांवर कारखान्यात रात्रंदिवस वितळलेलं लोखंड वाहत होतं आणि बाजारात साधा गर्डर परमिटशिवाय मिळत नव्हता. हे अन्नपूर्णाबाईला ठाऊक होतं. फक्त ते आपल्या छताशी जोडावं, हे सुचलं नव्हतं.

"विद्याधरबाबू, शाळा?"

विद्याधर खिडकीबाहेर बघत म्हणाला, "काकू, मंडळाकडे भाडं द्यायला तरी काय आहे? मी विचार केला होता, खरंच केला होता. पण रिकामी इमारत किती वर्षं सांभाळायची?"

"सांभाळत त मी होती," ती म्हणाली. त्याच दुपारी त्यानं यादीतल्या मापावर भाव ठरवून इमारत लोखंडासाठी भय्याजींना विकली.

वरच्या मजल्याच्या छताची फर्शी निघाली आणि भय्याजींचा माणूस फीत घेऊन गर्डर मोजायला बसला. दुसऱ्या दिवशी भय्याजी पोट धरून हसत अंगणात आले. "अरे बाई! तुम्हारे गज से तो हम मालामाल हो गए. हर गर्डर में बारा उंगली जादा. चौबीस का हिसाब करो तो एक पूरा गर्डर फोकट में!"

अन्नपूर्णाबाई आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिली. लोखंडालाही तिनं दोन-दोन बोटं सोडली होती.

विद्याधरला हे कळलं. तिला त्याचं पत्र आलं, एका ओळीचं. "माप असं घ्यायचं नव्हतं, काकू, कापड नव्हतं ते." पत्र तिनं सिंधुताईंना दाखवलं; त्यांनी ते घडी करून परत दिलं. त्यांचं शेड तसंच होतं, आठवीपर्यंत.

मागची खोली तुटायची पाळी आली तेव्हा भय्याजींनीच वाट काढली. यादी कोणी लिहिली, त्यांनी विचारलं. पद्मजा पुढं झाली. "बिटिया, बड़ा सुंदर हाथ है. माल निकलेगा तो लिखने वाला चाहिए. तुम लिखो. माँ के साथ इधर हमारे टिन के शेड में रहो, जब तक काम है."

"ती शिकून राहिली," अन्नपूर्णाबाई घाईनं म्हणाली. "तिचे शाळेत जायाचे दिवस हायेत."

"कुठं, आई?" पद्मजानं विचारलं. आवाज चढवला नव्हता, म्हणूनच ते आरपार गेलं. "दुर्गले तू जाऊ देत नाही. इथं आता छत नाही. मग कुठं?"

 ट्रकांच्या रस्त्याची अन्नपूर्णाबाईला भीती होती आणि आता तेच ट्रक अंगणात येऊन उभे राहणार होते.

पौषात मधला मजला उतरला. पद्मजा खुर्चीवर, मांडीवर रजिस्टर, केसांत विटांची धूळ. गर्डर दोरानं खाली आला की मजूर लोखंडी फीत लावायचे, ती उठून जायची, वाकून आकडा स्वतः वाचायची आणि लिहायची. जेवढं असेल तेवढंच. एक बोटही जास्त नाही.

ती अशीच गर्डरावर वाकलेली असताना अन्नपूर्णाबाई भाकरीचं फडकं घेऊन तिच्या मागं उभी राहिली. आत नववीच्या खोलीची भिंत अजून अर्धी उभी होती, पूर्वेची खिडकी चौकटीसकट काढून नेलेली.

"पद्मे, ऐक ना," ती हळूच म्हणाली. "मी सिंधुताईसोबत बोलली. पुढच्या साली त्या दुर्गच्या बसनं तुले रोज सोडते म्हनतात. मी बी येईन वाटल्यास."

पद्मजानं मान वर केली नाही. फितीचं टोक तिनं अंगठ्यानं दाबून धरलं होतं.

"आई, मोजून राहिली ना मी," ती म्हणाली. "मधात बोलू नको."