मीटिंगच्या व्हिसावर मशीन

ठिबकच्या नळ्या बनवणारी मशीनं आमच्या जळगावच्या कारखान्यात तयार व्हायची. गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन ती चालू करून देणं हे माझं काम. पॅनलची वायरिंग, सेटिंग आणि पहिली नळी सरळ निघेपर्यंतची झटापट माझ्याकडे असायची. सोबत बोदवडचे एक फिटर असायचे. वयाने माझ्या वडिलांपेक्षा थोडे लहान, म्हणून मी त्यांना भाऊ म्हणायची आणि ते मला ताई म्हणायचे. गुजरातपासून तेलंगणापर्यंत आम्ही दोघांनी बरीच मशीनं उभी केली होती.

मग आफ्रिकेतल्या एका देशातून ऑर्डर आली. आमचा दोघांचा हा पहिलाच परदेश. व्हिसा आला तेव्हा मी तो नीट वाचला. त्यावर स्वच्छ छापलं होतं की या व्हिसावर कोणतंही काम करण्यास मनाई आहे. मी तो घेऊन एक्स्पोर्टच्या साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"साहेब, हा तर मीटिंगचा व्हिसा आहे. आम्ही तर मशीन लावायला चाललोय."

"ते सगळ्यांच्याच व्हिसावर लिहिलेलं असतं," ते म्हणाले. "कामाचं परमिट काढायला वेळ लागतो. मशीन बंदरावर पोचलंय, पार्टी रोज फोन करतेय. कोणी विचारलं तर सांगायचं, मीटिंगसाठी आलोय."

"आणि भाऊंच्या बॅगेत पाने, स्क्रू ड्रायव्हर, मल्टीमीटर आहे, ते?"

"सॅम्पल म्हणायचं!" आणि ते हसले. त्या हसण्याचा मला आजही संताप येतो.

तिथल्या विमानतळावर कोणी फारसं विचारलं नाही. कारखाना शहराबाहेर होता. आम्ही सकाळी जायचो, संध्याकाळी गेस्ट हाउसला परतायचो. काम चांगलं चाललं होतं. तिथल्या कामगारांशी भाऊ सरळ मराठीत बोलायचे आणि त्यांना ते कळायचंही. ट्रायलच्या दिवशी नळी निघायला लागली, जाडी बरोबर येत होती. मी पॅनलसमोर उभी होते, भाऊ मशीनखाली आडवे झाले होते. तेवढ्यात तिथला मॅनेजर पळत आला.

"लेबरवाले आलेत! हातमोजे काढा, ऑफिसात चला, फायली उघडून बसा!"

भाऊ मशीनखालून निघेपर्यंत कामगार खात्याच्या एक अधिकारी बाई आणि दोन शिपाई आत आलेही होते. भाऊंचे हात कोपरापर्यंत ग्रीसने काळे झालेले. बाईंनी ते पाहिले, मग माझ्याकडे वळून शांतपणे इंग्रजीत विचारलं, "तुम्ही इथे काय करता?"

मॅनेजर मागून खुणा करत होता. भाऊंच्या त्या हातांशेजारी उभं राहून मीटिंग म्हणायची मला लाज वाटली.

"मशीन चालू करून देतेय," मी म्हटलं.

बाई आवाज चढवून बोलल्या नाहीत. पासपोर्ट घेतले, म्हणाल्या, "या कामाला आमच्याकडे थोड्या मुदतीचं परमिट मिळतं. तुमच्या कंपनीने ते मागितलंच नाही." एवढंच. माझा त्यांच्यावर राग नाही. त्या त्यांचं काम करत होत्या, आणि त्यांच्याजवळ त्याचा परवाना होता.

दोन-तीन दिवस आम्हाला गेस्ट हाउसमधून बाहेर पडायला बंदी होती. मग शिपायांनी विमानतळावर नेलं. सगळ्यांची रांग बाजूला ठेवून आम्हाला पुढे काढलं. पासपोर्ट आमच्या हातात दिलेच नाहीत, विमानातल्या माणसाकडे दिले. लोक टकामका बघत होते. भाऊंनी पूर्ण प्रवासात जेवणाचं झाकण उघडलं नाही. मुंबई विमानतळावर पासपोर्ट तपासणाऱ्या आपल्याच माणसाने विचारलं, "काय करून आलात तिकडे?" मी म्हटलं, "काम." त्याला ती थट्टा वाटली.

जळगावला पोचल्यावर साहेबांचं पहिलं वाक्य होतं, "तू खरं कशाला सांगितलंस?"

बरं आहात का, असं नाही. खाल्लंत का, असंही नाही. त्यांनी आमच्यादेखत त्या पार्टीला फोन लावला आणि म्हणाले, "आमच्या लोकांनी परस्पर मशीनला हात लावला. आम्ही त्यांना फक्त चर्चेला पाठवलं होतं."

भाऊ माझ्या शेजारच्या खुर्चीत होते. ते उठले आणि बाहेर गेले. मी उठले नाही. "साहेब, आत्ता फोन लावा आणि खरं सांगा," मी म्हटलं. ते म्हणाले, "तू थकली आहेस, दोन दिवस सुट्टी घे."

धरणगावला घरी गेले, तर बातमी माझ्याआधी पोचलेली. परदेशातून हाकलून दिलं, एवढीच, आणि सगळं गाव घरी विचारत होतं. माझे वडील, आबा, ओट्यावर बसले होते. "बठ्ठा गाव इचारी राहिना," ते म्हणाले. "तुनी काय चोरी करी का?"

"नाही आबा. काम केलं."

"काम करं म्हनीसन काढी दिन्हं? हाई कसं शे?" मी समजावलं. तेव्हा त्यांनी साहेबांना एक अस्सल खानदेशी शिवी हासडली. त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटभर जेवले.

सुट्टी संपवून परतले तेव्हा दुसऱ्या दोघांचे तसलेच व्हिसा आले होते. मी जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये उभी राहिले आणि झालेलं सगळं मोठ्याने सांगितलं, फोनवरच्या त्या वाक्यासकट. त्या दोघांनी जायला नकार दिला. मग बाकीचे फिटरही म्हणाले, परमिटशिवाय आम्हीही नाही. साहेबांनी धमकावून पाहिलं, गोड बोलून पाहिलं. शेवटी कागद पाठवले, आणि परमिट आलं. काही आठवड्यांत. ना कोणाचे पाय धरावे लागले, ना कुठे डोकं आपटावं लागलं. हे मला सगळ्यात जास्त जाळतं. ते आधीही आलं असतं.

मी ती नोकरी सोडली. आता धुळ्याला एका कारखान्यात मेंटेनन्स बघते. भाऊंच्या लेकीचं लग्न होऊन ती परदेशात गेली. तिला मूल झालं तेव्हा भाऊ-वहिनींनी व्हिसासाठी अर्ज केला. कधी कुठल्या देशातून परत पाठवलं आहे का, असा प्रश्न त्यात असतो. भाऊंनी खरं ते लिहिलं. वहिनींना व्हिसा मिळाला, त्यांना नाही.

मी बोदवडला त्यांना भेटायला गेले. त्यांनी मोबाइलवर नातवाचा फोटो दाखवला. म्हणाले, "जाऊ दे ताई, नशीब."

"नशीब नाही भाऊ," मी म्हटलं. "माणसाने केलंय हे. जळगावात, केबिनमध्ये बसून."

वहिनी लेकीकडे होत्या, म्हणून भाऊंनी स्वतःच चहा टाकला. साखर जास्त पडली होती. मी पूर्ण प्याले.