परत नेऊन दिलेला हिरा

नातीच्या साखरपुड्याला हिऱ्याची अंगठी मुलाकडची मंडळी देणार होती. मंडळी निपाणीची, तंबाखूच्या वखारी असलेली. माझा मुलगा हयात नाही. बोलणी मीच करत होतो. नातीने आधीच कळवले होते की, हिरा कोणत्या खाणीतला, तिथे कोणाला कसे राबवले, याची खात्री नसेल तर साधी सोन्याची अंगठी चालेल. तरीही होणारे व्याही आपला सराफ घेऊन बेळगावला आमच्या घरी आले.

सराफाने कागदाची पुडी उलगडून खडा दाखवला. नातीने खाणीचे विचारले.

"पेटीतनं आला, बाई," सराफ म्हणाला आणि व्याह्यांकडे पाहून हसला.

मला त्या हसण्याची चीड आली. पुढे तो रिवाज सांगू लागला. हिरा प्रत्येकाला लाभत नाही. काही दिवस उशाखाली ठेवावा, घरात आजारपण किंवा भांडण झाले तर परत द्यावा, कोणी काही विचारत नाही. हिऱ्यामुळे आपले काय होईल याची या माणसांना एवढी धास्ती. हिऱ्यासाठी इतरांचे काय झाले, हे विचारणे मात्र उद्धटपणा.

खडा आमच्याकडे राहिला. सुनेने सोपी वाट काढली: मुलीला ताप आला असे सांगावे, कोणाचा मान दुखावणार नाही. नात बधली नाही.

"आप्पा, मला ताप आलेला न्हाई. खरं कारण सांगून परत द्या."

मी निपाणीला गेलो आणि कारण जसेच्या तसे सांगितले. व्याह्यांनी पुडी उघडूनही पाहिली नाही.

"ताप आला म्हणाला असतासा तर गप घेतला असता," ते म्हणाले. "लग्नाआधीच ही चौकशी. उद्या ताटातल्या भाताचंबी गाव इचारंल."

"विचारील," मी म्हणालो. "उत्तर तयार ठेवा."

चहा आला. मी घेतला नाही.

घरी आल्यावर नातीने सारे शांतपणे ऐकले. मुलगा काय म्हणाला, एवढेच विचारले. तो समोरच बसला होता आणि काहीही म्हणाला नाही, असे मी सांगितले.

तिने आत जाऊन त्याला फोन केला. बोलणे लवकर संपले. बाहेर येऊन, ठरवलेले मंगल कार्यालय नको म्हणून कळव, असे आईला सांगितले. सून रडू लागली. मी कार्यालयाचा नंबर शोधून दिला.